तीन टनांतले शेवटचे सहा किलो

महाराष्ट्रातल्या कौलारू, पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांवर दूरदर्शनच्या मोफत सेवेच्या ज्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात, त्या सगळ्या आकाशातल्या एकाच जागेकडे पाहतात. ती जागा म्हणजे विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश ९३.५ अंश. आज तिथे जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत पोहोचणारी ‘डीडी फ्री डिश’ त्याच्यावर चालते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाचे नियोजित आयुष्य बारा वर्षांचे, म्हणजे ते नोव्हेंबर २०२७ मध्ये पूर्ण होते.

त्या दिवशी तो बंद पडेल असे नाही. उपग्रह नियोजित आयुष्यापेक्षा जास्त चालतात, अनेकदा बरेच जास्त. प्रश्न तो किती वर्षे चालेल हा नाही. तो कधी थांबवायचा आणि थांबवताना त्याच्या टाकीत किती इंधन उरलेले असेल, हा आहे. हा प्रश्न किती नाजूक असतो, हे कळण्यासाठी त्याच जागेवर आधी असलेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झालेल्या इन्सॅट-४बी या उपग्रहाची गोष्ट पाहावी.

इन्सॅट-४बी भारतीय वेळेनुसार १२ मार्च २००७ च्या पहाटे फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान-५ प्रक्षेपकाने सोडला गेला. उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन ३,०२५ किलो होते. त्यातला निम्म्याहून अधिक भाग निव्वळ इंधनाचा, आणि त्या इंधनातलाही बहुतेक वाटा सुरुवातीच्या लंबवर्तुळाकार कक्षेतून वर चढून भूस्थिर कक्षेत जाण्यातच खर्ची पडला. त्यासाठी ४४० न्यूटन जोराचे एक मोठे इंजिन होते. पुढची सगळी वर्षे उपग्रहाला उरल्यासुरल्या इंधनावर काढायची असतात.

त्याच्यावर चोवीस ट्रान्सपाँडर होते: बारा केयू बँडचे, बारा सी बँडचे. ट्रान्सपाँडर म्हणजे खालून आलेला क्षीण संदेश पकडून, त्याची वारंवारिता बदलून आणि त्याला ताकद देऊन परत पृथ्वीकडे पाठवणारी यंत्रणा. केयू बँडच्या प्रत्येक ट्रान्सपाँडरमागे १४० वॉटचा प्रवर्धक होता, सी बँडसाठी ६३ वॉटचा. १४० वॉट म्हणजे घरातले दोन जुने सीलिंग फॅन. एवढ्या शक्तीचा संदेश छत्तीस हजार किलोमीटरवरून अख्ख्या भारताच्या मुख्य भूमीवर पसरायचा आणि तरीही दोन-अडीच फुटी छत्रीला तो पकडता यायचा. सी बँडला हे जमत नाही. त्यासाठी केबलवाल्याच्या गच्चीवरची आठ-बारा फुटी तबकडी लागते. म्हणून केयू बँड घरोघरच्या छत्र्यांकडे गेला आणि सी बँड केबलचालकांकडे. हे सारे चालवायला दोन सौर पंखांतून ५,८५९ वॉट वीज मिळत होती.

दूरदर्शनची थेट घरपोच सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली तेव्हा ती भाड्याच्या परदेशी उपग्रहावर होती. इन्सॅट-४बी आल्यावर ती स्वतःच्या घरी आली. सन डायरेक्टसारखी खासगी सेवाही त्याच्यावरच होती. पण जुलै २०१० मध्ये एका सौर पंखाकडून येणारी वीज तुटली आणि चोवीसपैकी बारा ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. सन डायरेक्टला मलेशियाच्या मीसॅट-३ चा आसरा घ्यावा लागला, आणि तो ९१.५ अंशांवर असल्याने ग्राहकांच्या छत्र्या नव्याने वळवाव्या लागल्या. (त्याच सुमारास गाजत असलेल्या स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने हे घडवले, अशी एक सनसनाटी शंका परदेशातून निघाली. तो विषाणू ज्या प्रकारच्या नियंत्रकांवर हल्ला करतो, तसे नियंत्रक या उपग्रहावर नाहीतच, असे इस्रोने सांगितल्यावर ती विरून गेली.)

अर्ध्या ताकदीचा हा उपग्रह पुढे साडेअकरा वर्षे चालला. जीसॅट-१५ त्याच ९३.५ अंशांवर आल्यावर फ्री डिश तिकडे हलवली गेली, आणि जागा तीच असल्याने प्रेक्षकांना छत्रीला हातही लावावा लागला नाही. अखेर सर्व सेवा इतर उपग्रहांवर नेल्यानंतर १७ ते २३ जानेवारी २०२२ या आठवड्यात इन्सॅट-४बीची इंजिने अकरा वेळा थोडी थोडी चालवून त्याला भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेण्यात आले. मग उरलेले इंधन आणि दाब सोडून देऊन, बॅटऱ्या रिकाम्या करून २४ जानेवारीला तो कायमचा बंद केला गेला. अशा पद्धतीने निरोप दिलेला तो भारताचा एकविसावा भूस्थिर उपग्रह होता.

३४० हा आकडा महत्त्वाचा, कारण किमान गरज २७३ किलोमीटरची होती. हे २७३ कुठून आले? जगातल्या प्रमुख अंतराळ संस्थांच्या आंतरसंस्था अवकाश कचरा समन्वय समितीने भूस्थिर कक्षेच्या वर-खाली दोनशे किलोमीटरचा पट्टा संरक्षित मानला आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीने मृत उपग्रहाची कक्षा हेलकावे खाते, त्यासाठी आणखी ३५ किलोमीटर. झाले २३५. त्यावर प्रत्येक उपग्रहासाठी एक वेगळी भर घालावी लागते, ती सूर्यप्रकाशाच्या दाबाची. प्रकाशाचा दाब नगण्य वाटतो, पण मोठे पंख असलेल्या हलक्या वस्तूला तो वर्षानुवर्षे ढकलत राहतो आणि कक्षा वर्तुळाची अंडाकृती करतो. रिकाम्या टाक्यांचा उपग्रह म्हणजे पतंगच. इन्सॅट-४बीसाठी ही भर ३८ किलोमीटरची निघाली. म्हणून २७३.

एवढा आटापिटा न करता त्याला आहे तिथेच सोडून दिले असते तर? पृथ्वी परिपूर्ण गोल नाही. तिच्या विषुववृत्ताच्या किंचित लंबगोल आकारामुळे भूस्थिर कक्षेत दोन जागा खोलगट ताटासारख्या वागतात. त्यांतली एक पूर्व रेखांश ७५ अंशांवर, जवळजवळ आपल्या डोक्यावर आहे. ९३.५ वर बेवारस सोडलेला उपग्रह या ताटाच्या तळाकडे घसरतो, पलीकडे साडेछप्पन्न अंशांपर्यंत चढतो आणि परत येतो. हे झुलणे वर्षानुवर्षे चालते. वाटेत कोण आहेत? ७४ आणि ८३ अंशांवरचे आपलेच उपग्रह, शिवाय आजूबाजूच्या देशांचे. त्यातच चंद्र-सूर्याच्या ओढीने मृत उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी कलत जाते, सुमारे पंधरा अंशांपर्यंत. मग तो रोज दोनदा हा पट्टा आडवा छेदतो, सेकंदाला आठशे मीटरपर्यंतच्या वेगाने. दीड टनाची वस्तू आणि बंदुकीच्या गोळीचा वेग. पृथ्वीलगतच्या खालच्या कक्षांत विरळ का होईना वातावरण असते, ते कचरा हळूहळू खाली ओढते. भूस्थिर कक्षेत तसे झाडूवाले कुणी नाही. तिथे सांडलेले तिथेच राहते.

आता इंधनाचा हिशोब पाहू. साधारण दीड टनाच्या उपग्रहाला ३४० किलोमीटर वर न्यायला सेकंदाला बारा मीटरच्या आसपास वेगबदल करावा लागतो. त्याला लागणारे इंधन ढोबळमानाने सहा-सात किलो भरते. तीन टनांच्या उपग्रहात सहा किलो! पण याच सहा किलोंत तो उपग्रह आपल्या जागेवर आणखी तीन महिने टिकू शकतो, कारण त्याला उत्तर-दक्षिण भरकटू न देण्यासाठी वर्षाला सेकंदास पन्नास मीटरच्या आसपास वेगबदल करावा लागतो. दूरचित्रवाणीच्या उपग्रहाला ही शिस्त सोडता येत नाही. समुद्रातल्या जहाजांशी बोलणाऱ्या एखाद्या उपग्रहाला म्हातारपणी थोडे डुलू दिले तरी चालते, कारण जहाजावरची तबकडी त्याच्या मागे फिरते. घराच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली छत्री फिरत नाही. उपग्रह अंशाच्या दहाव्या भागाहून फार हलला, की पडद्यावर चौकोन नाचायला लागतात आणि तक्रारी सुरू होतात.

म्हणजे टाकीच्या तळाशी असलेले हे शेवटचे सहा किलो एकतर तीन महिन्यांचे प्रक्षेपण विकत घेतात, नाहीतर सभ्य निरोप. फ्री डिशवर एकेका वाहिनीच्या जागेसाठी कोट्यवधी रुपयांच्या बोली लागतात. तीन महिने ही काही किरकोळ गोष्ट नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ते सहा किलो टाकीत खरोखर आहेत का, हे नक्की कुणालाच कळत नाही. घरातला गॅस सिलिंडर संपत आला की आपण तो उचलून पाहतो, हलवून पाहतो, कुणी ओले फडके फिरवून पाहतो. कक्षेत वजन नाही, त्यामुळे पातळीही नाही. इंधन टाकीच्या भिंतींना, कोपऱ्यांना चिकटून बसते. मग तीन मार्ग उरतात. पहिला वाण्याच्या खतावणीचा: कोणते इंजिन किती सेकंद चालले याची नोंद ठेवायची आणि भरलेल्यातून वजा करत जायचे. दुसरा, टाकीतला दाब आणि तापमान पाहून मोकळी जागा किती झाली याचा अंदाज बांधायचा. तिसरा, टाकीला हीटरने थोडी ऊब देऊन ती किती वेगाने तापते ते पाहायचे. भरलेले पातेले सावकाश तापते, रिकामे चटकन.

तिन्हींत चूक राहते, आणि खतावणीतली चूक वर्षागणिक साचत जाते. सुरुवातीला भरलेले इंधन दीड टनाहून अधिक. त्याच्या हिशोबात नुसती एक टक्का चूक धरली तरी ती पंधरा किलोंच्या पुढे जाते. जपून ठेवायचे आहेत सहा किलो आणि मोजमापातला घोळ पंधरा किलोंचा. शिवाय अशा उपग्रहात इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडीकारक अशा दोन वेगळ्या टाक्या असतात. एक आधी संपली की दुसरीतले उरलेले बहुतांशी निरुपयोगी. त्यामुळे ‘अंदाजाप्रमाणे सहा किलो उरले की थांबू’ हे धोरण म्हणजे निम्म्या वेळा फसणारा जुगार आहे. थांबायचे तर अंदाजात पंचवीस-तीस किलो दिसत असतानाच, म्हणजे कागदावर आणखी वर्षभराचे आयुष्य शिल्लक असताना थांबावे लागते. कोणत्याही व्यवस्थापकाला हे पटवणे सोपे नाही. त्याच्या ताळेबंदात हे सरळ वर्षभराचे बुडालेले उत्पन्न दिसते.

हा जुगार हरलेला उपग्रहही त्याच वर्षीचा आहे. अमेरिकेतील डिश नेटवर्क कंपनीचा इकोस्टार-७, फेब्रुवारी २००२ मध्ये सोडलेला, केयू बँडच्या ३२ ट्रान्सपाँडरांचा, घरोघर दूरचित्रवाणी पोहोचवणारा. कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाला लिहून दिले होते की, सेवा संपल्यावर उपग्रह भूस्थिर कक्षेच्या ३०० किलोमीटर वर नेला जाईल. मे २०२२ ही निवृत्तीची वेळ ठरली होती. पण फेब्रुवारीत, म्हणजे आपला इन्सॅट-४बी बंद झाल्याला महिनाही होत नाही तोच, कंपनीच्या लक्षात आले की टाकीत वाटले होते तेवढे इंधन नाही. जेवढे होते तेवढ्यात उपग्रह १२२ किलोमीटरपर्यंत चढला. तो संरक्षित पट्ट्याच्या बाहेरही पडला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोगाने कंपनीला दीड लाख डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सव्वा कोटी रुपयांचा दंड केला. अवकाश कचऱ्याबद्दल या आयोगाने केलेला हा पहिलाच दंड, म्हणून बातमी जगभर गाजली. कंपनीचा बचाव असा, की उपग्रह जुना असल्याने किमान उंचीच्या नियमातून त्याला सूट होती आणि त्याच्यापासून प्रत्यक्ष धोका असल्याचे आयोगानेही म्हटलेले नाही. पण नियमात सूट असली तरी स्वतः लिहून दिलेल्या आराखड्यातून सूट नसते, आणि आयोगाने बोट ठेवले ते त्यावरच. हे योग्यच झाले. दंडाच्या रकमेबद्दल मात्र कौतुक करण्याजोगे काही नाही. त्या कंपनीची २०२२ ची उलाढाल १६ अब्ज डॉलरहून अधिक होती. दीड लाख डॉलर म्हणजे तिची पाचेक मिनिटांची कमाई. मोठ्या उपग्रहाने तीन महिने जास्त काम केले तर मिळणाऱ्या पैशापुढे हा दंड व्यवसायाचा किरकोळ खर्च म्हणून सहज लिहिता येतो.

इंधन मोजण्यातली चूक हे उपग्रह वेळेआधी बेवारस होण्याचे एकमेव कारण नाही. २०१० मध्ये इंटेलसॅटचा गॅलेक्सी-१५ आज्ञा ऐकेनासा झाला आणि ट्रान्सपाँडर चालू ठेवून आठ महिने इतरांच्या जागांवरून भरकटत राहिला. वाहिन्या वाचवायला शेजारच्या उपग्रहांना कसरती कराव्या लागल्या. डिसेंबर २०१९ मध्ये डायरेक्टीव्हीच्या स्पेसवे-१ च्या बॅटऱ्या अशा बिघडल्या की त्या पुन्हा वापरल्या तर फुटण्याची भीती होती, आणि पृथ्वीच्या सावलीत जायचा हंगाम फेब्रुवारीअखेरीस सुरू होणार होता. इंधन सोडून द्यायलाही वेळ नव्हता. ते पोटात ठेवूनच त्याला घाईने वर न्यावे लागले. आणि १९ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्व रेखांश ६० अंशांवर इंटेलसॅट-३३ई हा जेमतेम आठ वर्षांचा, चालू सेवेतला उपग्रह फुटून त्याचे तुकडे झाले. तो हिंदी महासागराच्या वर होता, म्हणजे ७५ अंशांच्या त्या खोलगट ताटाच्याच उतारावर.

आपल्याकडे चित्र आजवर समाधानाचे राहिले, त्यामागे एक साधे कारण आहे. उपग्रह बनवणारी, चालवणारी आणि त्याचे शेवटचे इंधन राखणारी संस्था एकच, ती म्हणजे इस्रो. निरोपाचे इंधन उपग्रहाची आखणी करतानाच वेगळे काढायचे, ही तिची रीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये बेंगळूरुत याच समन्वय समितीच्या बैठकीत, २०३० पर्यंत सरकारी असोत वा खासगी, सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. पण रचना बदलते आहे. न्यू स्पेस इंडिया या सरकारी कंपनीकडे कक्षेतले दहा उपग्रह सोपवले गेले आहेत. जून २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४ तिच्या मालकीचा आहे आणि तो टाटा प्लेला भाड्याने दिला आहे. इन-स्पेसच्या परवान्याने खासगी कंपन्याही स्वतःचे उपग्रह चालवू शकतील. अंतराळ धोरण २०२३ मध्ये आले, पण त्याला कायद्याचे बळ देणारे विधेयक २०१७ च्या मसुद्यापासून रेंगाळलेले आहे. समन्वय समितीची मार्गदर्शक तत्त्वे पाळणे ऐच्छिक आहे. ज्याच्या उत्पन्नाचा प्रश्न त्याच्याच हाती शेवटची चावी, आणि मोडले तर काय, याचे उत्तर नाही. इकोस्टार-७ ला निदान लेखी आराखडा होता, म्हणून त्याला जाब विचारता आला.

दूरवरचा उपाय म्हणून कक्षेतच इंधन भरण्याची किंवा ओढून नेण्याची यंत्रे पुढे येत आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ या यानाने इंटेलसॅट-९०१ ला जाऊन धरले आणि त्याला पुन्हा कामाला लावले. हे शक्य आहे एवढे सिद्ध झाले. पण प्रत्येक म्हाताऱ्या उपग्रहामागे अशी क्रेन पाठवणे आजच्या खर्चात कुणाला परवडणारे नाही.

त्यापेक्षा सोप्या गोष्टी आधी करता येतील. भूस्थिर उपग्रहाच्या परवान्यातच निरोपाची उंची आणि ती गाठण्याची किमान शक्यता, समजा शंभरात नव्वद, आकड्यात लिहून घ्यावी. उपग्रह नियोजित आयुष्य ओलांडेल त्या दिवसापासून दरवर्षी उरलेल्या इंधनाचा अंदाज आणि त्यातली संभाव्य चूक, हे दोन्ही आकडे प्रसिद्ध करावेत. इन्सॅट-४बीच्या बाबतीत इस्रोने शेवटचे आकडे स्वतःहून जाहीर केले, पण निरोप झाल्यावर. जीसॅट-१५ च्या बाबतीत ते नोव्हेंबर २०२७ पासून मिळाले, तर फ्री डिशची पुढची सोय कधीपर्यंत व्हायला हवी, हेही त्यातून आपसूक ठरेल. बदली उपग्रह वेळेवर तयार नसेल तर जुन्याला ‘अजून थोडे दिवस’ ताणण्याचा मोह होणारच. चार कोटी घरांचे पडदे अंधारात ठेवून कुणी इंधन राखणार नाही, आणि राखावे असे म्हणणेही वाजवी नाही. म्हणून निरोपाची तारीख जुन्या उपग्रहाच्या टाकीइतकीच नव्या उपग्रहाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते.

इन्सॅट-४बी आज कुठे आहे? भूस्थिर कक्षेच्या ३४० किलोमीटर वर त्याची एक फेरी सुमारे सतरा मिनिटांनी लांबली, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याशी त्याचा ताळमेळ सुटला. आपल्याला तो रोज साडेचार अंशांच्या आसपास पश्चिमेकडे सरकताना दिसेल. साधारण पावणेतीन महिन्यांत त्याची पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा होते आणि तो पुन्हा ९३.५ अंशांवर येतो, जीसॅट-१५ च्या डोक्यावरून, ३४० किलोमीटर अंतर राखून.